सकाळचं आठवत नाही, शाळेतलं आठवतं

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी घरी कोण येऊन गेलं हे आजोबांना सांगता येत नाही, पण चौथीच्या वर्गशिक्षकांचं नाव ते चटकन सांगतात. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "सोयीचं तेवढं बरोबर लक्षात राहतं!" हा आरोप त्या माणसावर अन्याय करणारा आहे, कारण हे स्मृतिभ्रंशाचं लक्षण असू शकतं.

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या पातळीवर पण खोल आत, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. लांबी चार-पाच सेंटिमीटर, जाडी साधारण करंगळीएवढी. आज घडलेली गोष्ट आठवण म्हणून टिकायची, तर हा भाग शाबूत हवा. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाची फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्हीकडच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. फेफरं कमी झालं, पण त्यानंतरचं काहीच त्यांच्या मनात टिकेना. बालपण मात्र आठवत होतं. आरशात पाहून चांदणी गिरवायला त्यांना दिली, तर हात दिवसागणिक सफाईदार होत गेला. आणि हे आपण आधी केलंय, याचा त्यांना पत्ताच नसे. हाताची सवय मेंदूत वेगळीकडे राहते, हे त्यातून कळलं.

स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण असलेल्या अल्झायमर आजाराची सुरुवात बहुधा हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये होते. हिप्पोकॅम्पसकडे जाणारी बरीचशी माहिती याच वाटेनं येते. तिथल्या पेशींत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळी साचतात, पेशी मरतात, मग हिप्पोकॅम्पस आक्रसू लागतो. मेंदूतले हे बदल लक्षणं दिसण्याच्या १५ ते २० वर्षं आधीपासून चाललेले असू शकतात. म्हणजे सकाळची भेट आजोबा विसरलेले नाहीत, ती नोंदलीच गेलेली नाही. शाळेतल्या आठवणी मात्र कैक वर्षांत मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरून पक्क्या झालेल्या असतात. आजार तिथवर पोचायला वेळ लागतो.

रस्त्याचं भान राखणाऱ्या पेशीही हिप्पोकॅम्पस आणि एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स याच दोन भागांत आहेत. त्यांच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. ओळखीच्या वळणावर माणूस गोंधळला, तर ते म्हातारपणावर ढकलू नका.

डॉक्टर तपासताना काही शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत विचारतात. आठवलं नाही तर खूण देतात: "एक फळ होतं." खूण देताच शब्द आला, तर नोंद झालेली आहे, शोधायला अडचण आहे. नैराश्यात किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यातल्या दोषात असं बरेचदा दिसतं. अल्झायमरमध्ये खुणेचाही फारसा उपयोग होत नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचा दोष, काही झोपेच्या गोळ्या यांनीही विसराळूपणा येतो, आणि तो बरा होऊ शकतो. म्हणून रक्ततपासणी आधी.

घरी काय करायचं? "आठवतंय का?" हा प्रश्नच बंद करा. "ही तुमची भाची, सुमन," असं थेट सांगा. एका वेळी एकच सूचना द्या. ती पुरी झाली की पुढची. चष्मा, काठी, औषधांची डबी यांच्या जागा हलवू नका. घडी घालणं, भाजी निवडणं अशी हातात मुरलेली कामं त्यांच्याकडेच राहू द्या. तोच प्रश्न दहाव्यांदा आला, तरी उत्तर पहिल्यांदा दिल्यासारखं द्या, कारण त्यांच्या दृष्टीनं तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते: प्रसंग पुसला गेला तरी त्यानं उमटलेली भावना मागे रेंगाळते. तुम्ही का ओरडलात ते त्यांना आठवणार नाही, पण जीव घाबराच राहील.

आणि गोंधळ एक-दोन दिवसांत एकाएकी वाढला, माणूस असंबद्ध बोलू लागला, सारखी झापड येऊ लागली, तर आजार पुढे सरकला असं समजून थांबू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध, अशी कारणं असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या.