नहपानाचे नाक आणि सातकर्णीचा चैत्य

मित्रहो, आजच्या व्याख्यानासाठी मी माझ्या संग्रहातले एकच नाणे निवडले आहे. ते चांदीचे आहे, अंगठ्याच्या नखाएवढे आहे, त्याची कड एका बाजूने दबलेली आहे आणि लिलावाच्या सूचीत ज्याला 'उत्तम अवस्था' म्हणतात, तिच्या जवळपासही ते जात नाही. ज्या प्रवासात ते माझ्या हाती आले, तो प्रवास मी दुसऱ्याच एका नाण्यासाठी केला होता आणि त्या दृष्टीने तो पूर्ण वाया गेला होता. परंतु या लहानशा नाण्याने मला दख्खनचे सातवाहन आणि पश्चिम भारतातले शक क्षत्रपांचे क्षहरात घराणे यांच्या संघर्षाकडे ज्या नजरेने पाहायला लावले, ती नजर मला त्या दुसऱ्या, सुबक नाण्याने दिली नसती, असे माझे प्रामाणिक मत आहे. म्हणून त्याची हकीकत सविस्तर सांगतो.

मी शोधत होतो ते यज्ञ सातकर्णी या उत्तरकालीन सातवाहन राजाचे चांदीचे नाणे. सातवाहनांनी चलनासाठी प्रामुख्याने शिसे, तांबे आणि पोटीन (तांब्याची हलकी मिश्रधातू) यांचा उपयोग केला. त्यांनी स्वतः पाडलेली चांदीची नाणी त्या मानाने फारच थोडी आहेत. त्यांच्या एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ब्राह्मी लेख असतो, तर दुसऱ्या बाजूला चैत्य (एकावर एक रचलेल्या कमानींची आकृती) आणि उज्जयिनी चिन्ह (चार टोकांना वर्तुळे असलेली फुली) शेजारी शेजारी असतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आतल्या अवशेषांबरोबर त्यांना यज्ञ सातकर्णीचे असेच एक नाणे मिळाले. त्या उत्खननाचा वृत्तान्त वाचल्यापासून हे नाणे आपल्या संग्रहात असावे, ही इच्छा माझ्या मनात घर करून होती. एका जुन्या संग्रहाची वाटणी होत असून त्यात ते नाणे आहे, असे कळले आणि मी तातडीने निघालो.

नाणे हातात घेतल्यावर पहिल्या काही क्षणांतच शंकेची पाल चुकचुकली. राजाचा चेहरा ठळक होता, लेखातली अक्षरेही ओळखू येत होती, पण त्या अक्षरांच्या कडा साबण झिजावा तशा गुळगुळीत होत्या. ठोकून पाडलेल्या नाण्यात ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या दिशेला सरकतो आणि भिंगाखाली त्याच्या बारीक रेषा कडेकडे जाताना दिसतात. इथे त्या कुठेच नव्हत्या. उलट राजाच्या गालावर आणि मानेजवळ सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती. वितळलेला धातू साच्यात ओतताना अडकलेल्या हवेची ती खूण. नाणे उभे धरून कड पाहिली, तेव्हा साच्याचे दोन भाग जिथे जुळले होते तिथली शिवण घासून टाकण्याचा प्रयत्नही दिसला. नाणे ओतीव होते, म्हणजेच बनावट होते. ज्यांच्याकडे ते होते त्या गृहस्थांचा यात काही दोष नव्हता. ते त्यांच्या वडिलांना कोणीतरी खरे म्हणून विकलेले होते आणि माझे म्हणणे ऐकून त्यांचाच चेहरा उतरला.

अशा वेळी उठून निघून जाणे प्रशस्त वाटत नाही. संग्रहातले बाकीचे काही दाखवाल का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी एक पत्र्याचा डबा पुढे केला. नाणी अल्बममध्ये लावताना वडिलांनी जी बाजूला काढली होती, ती त्यात होती: झिजलेली, चिरलेली, भोक पाडून दागिन्यात ओवलेली आणि एकावर एक ठसे बसल्यामुळे कोणत्याच बाजूने धड न वाचता येणारी. या शेवटच्या प्रकारातली दोन-तीन नाणी मी उचलली आणि त्यांतले एक भिंगाखाली धरून हळूहळू फिरवत असताना तीन कमानींच्या चैत्याच्या उजव्या उतारावरून एक सरळ, टोकदार नाक बाहेर आलेले मला दिसले.

ते नाक क्षहरात राजा नहपान याचे. नाणे उलटसुलट करून मी बराच वेळ पाहत राहिलो. नहपानाच्या नाण्यावर दर्शनी बाजूला उजवीकडे तोंड केलेला राजाचा चेहरा असतो आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे असतात. मागील बाजूला बाण आणि वज्र, आणि त्यांच्याभोवती ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत राजाचे नाव. एका राजाचे नाव तीन लिप्यांत लिहिणारे हे चलन आहे. या नाण्यावर चेहऱ्याचा गाल, कान आणि केसांचा भाग चैत्याखाली सपाट झाला आहे, मात्र कपाळ, डोळ्याची खोबण आणि नाक शाबूत आहेत. हनुवटीखाली ग्रीक अक्षरांपैकी चार स्पष्ट राहिली आहेत. चैत्य चेहऱ्याच्या मानाने तिरपा बसला आहे, इतका की चैत्य सरळ धरला तर राजा आकाशाकडे पाहतो. चैत्याखालची नागमोडी रेषा राजाच्या मानेवरून जाते आणि तिच्या पलीकडे, कडेला लागून, 'गोतमिपु' एवढी ब्राह्मी अक्षरे वाचता येतात. पुढची अक्षरे नाण्याबाहेर गेली आहेत. तिथे 'तस सिरि सातकणिस' असणार, हे इतर नाण्यांवरून सांगता येते; म्हणजे वरचा ठसा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचा.

वरचा ठसा कोणता आणि खालचा कोणता, हे ठरवायची रीत सोपी आहे. खालच्या ठशाच्या रेषा दाबल्या जाऊन रुंद आणि उथळ होतात आणि वरच्या ठशाची रेषा त्यांना आडवी छेदत जाते. इथे नागमोडी रेषा मानेच्या रेषेला स्वच्छ कापते. मागील बाजूला उज्जयिनी चिन्हाची चार वर्तुळे वज्रावर बसली आहेत, पण बाणाचे टोक दोन वर्तुळांच्या मधल्या जागेत सुटून राहिले आहे, आणि त्याच्या डावीकडे खरोष्ठीची काही वळणे अजून टिकून आहेत. वजन दोन ग्रॅमपेक्षा थोडे जास्त भरले, म्हणजे नहपानाच्या नाण्याला साजेसे. धातूच्या सरकण्याच्या रेषाही हव्या तिथे होत्या. ओतीव नाणे नुकतेच पाहिले असल्यामुळे मी या खुणा जरा जास्तच कसोशीने तपासल्या.

हे दोन राजे एकाच नाण्यावर का आले, ते नाशिकच्या लेण्यांत कोरून ठेवलेले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या दहाव्या लेण्यात आपल्या दानांची नोंद केली आहे. नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, त्याने २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, द्यायचे ठरवले. हिशोब करून पाहा: २,००० वर वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंना बारा-बारा दिले की तेवढेच संपतात. आणखी १,००० कार्षापण त्याने दरमहा शेकडा पाऊण या दराने दुसऱ्या श्रेणीकडे ठेवले. त्याच लेखात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, असा दरही दिलेला आहे. हे कार्षापण म्हणजे नहपानाची हीच चांदीची नाणी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे माझ्या हातातले नाणे ज्या चलनातले आहे, त्याचा व्याजदर, विनिमयदर आणि त्यातून भागणारी एक गरज, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. प्राचीन भारतातल्या फार थोड्या नाण्यांच्या वाट्याला हे भाग्य आले आहे.

तिथूनच थोड्या अंतरावर तिसरे लेणे आहे. त्यातल्या लेखात, आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, गौतमीपुत्र सातकर्णी बेनाकटकाच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा देतो की, जे शेत आजवर उषवदाताच्या ताब्यात होते, त्यातली २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) जमीन भिक्षूंना द्यावी. जमिनीचा मालक बदलला, हे इतक्या साध्या, कारकुनी भाषेत नोंदलेले आहे. पुढे त्याची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवलेल्या प्रशस्तीत आपला मुलगा 'खखरातवंस निरवसेस करस', म्हणजे क्षहरातांचा वंश निःशेष करणारा होता, असे म्हटले आहे. प्रशस्तीची भाषा नेहमीच चढी असते, त्यामुळे एकट्या तिच्यावर विसंबता येत नाही. पण शेताची आज्ञा आणि नाण्यावरचा ठसा या दोन्ही रोजच्या कारभारातल्या गोष्टी आहेत आणि दोन्ही तेच सांगतात.

नाण्यांचा हा पुरावा ढीगभर उपलब्ध झाला तो १९०६ मध्ये. नाशिक जिल्ह्यात, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळच्या जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे होते; उरलेली चार हजारांच्या आसपासची नाणी नहपानाची, जशीच्या तशी. सगळ्या नाण्यांवर नाव नहपानाचेच असले तरी चेहरे एकसारखे नाहीत, हेही स्कॉट यांनी बारकाईने नोंदवले: कोणी तरुण, कोणी वृद्ध, कोणाचे नाक बसके, कोणाचे सरळ. चेहऱ्यातला हा फरक कशामुळे, यावर पुढे पुष्कळ मते मांडली गेली. माझ्या नाण्यावरचे नाक सरळ आहे, एवढेच मी त्या चर्चेत घालू शकतो.

मला स्वतःला जास्त विचार करायला लावतात ती त्या साठ्यातली चार हजार कोरी, म्हणजे दुसरा ठसा न मारलेली नाणी. ती ठसे मारलेल्या नाण्यांबरोबर एकाच ठिकाणी पुरलेली होती, याचा अर्थ साठवणाऱ्याच्या लेखी दोन्हींचे मोल सारखे असले पाहिजे. राज्य बदलले, पण चांदी तीच राहिली आणि तिच्यावरचा लोकांचा विश्वासही. मग ठसे मारायची गरज काय होती? सगळी नाणी वितळवून नवी पाडायची म्हणजे भट्टी, कोळसा, धातूची घट, शुद्धतेची तपासणी आणि वजनाची जुळवाजुळव, असा मोठा खटाटोप. जुने नाणे तसेच ठशांमध्ये ठेवून हातोड्याचा एक घाव घातला की काम झाले. ज्या राज्याच्या टांकसाळींचा हात मुख्यतः शिशावर आणि पोटीनवर बसला होता, त्याला ही तयार, प्रमाणित वजनाची चांदी फार सोयीची पडली असणार. मी तर पुढे जाऊन म्हणेन की, जुना चेहरा पूर्ण पुसला जाऊ नये, हेही त्यांना चालण्यासारखे होते, कदाचित हवेही होते. ज्याच्या हातात हे नाणे पडेल त्याला हरलेला राजा आणि जिंकलेला राजा एकाच वेळी दिसावेत, याहून वेगळी दवंडी कशाला हवी? हा माझा तर्क आहे आणि तो मी तर्क म्हणूनच मांडतो.

त्या डब्यातले ते नाणे मी घेतले. त्या गृहस्थांनी ते आनंदाने दिले आणि त्यावर काय आहे हे मी दाखवले, तेव्हा त्यांनी डब्यातली बाकीची नाणी पुन्हा एकदा पाहायला घेतली. पुनर्मुद्रित, म्हणजे जुन्यावरच नवा ठसा मारलेली, नाणी दुर्मीळ नाहीत, हे मी स्पष्टपणे सांगतो. जोगळटेंभीच्या एकाच साठ्यात ती हजारोंनी होती. पण त्यांतल्या बहुतेकांवर एक थर दुसऱ्याला गिळून टाकतो. कधी चैत्य आणि नाव नीट उमटते आणि खाली काय होते ते कळत नाही, तर कधी ठसा इतका घसरलेला असतो की नवा राजा ओळखायला अंदाज लागतो. दोन्ही राजे ओळखू यावेत, नव्याचे नाव अर्धे तरी वाचता यावे आणि जुन्याची खरोष्ठीही शिल्लक राहावी, असे जमून आलेले नाणे संग्राहकाला क्वचितच भेटते. आणि नेमके तेच 'धड वाचता येत नाही' म्हणून अल्बमबाहेर काढले गेले होते. आपल्याकडे नाण्याची प्रत ठरवताना स्वच्छ उठाव आणि मध्यभागी बसलेला ठसा यांनाच गुण मिळतात. विक्रेत्याच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण त्या निकषाने पुनर्मुद्रित नाणे कायमच नापास होणार.

याचा एक वाईट परिणाम असा की, अशी नाणी सोनाराच्या मुशीत जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तरीही लहानसहान साठे परस्पर फुटतात आणि त्यातली 'खराब' चांदी सर्वांत आधी वितळवली जाते. जोगळटेंभीच्या साठ्यातून तशी नाणी आधी वेगळी काढून टाकली असती, तर कोऱ्या आणि ठसा मारलेल्या नाण्यांचे प्रमाण आपल्याला कधीच कळले नसते.

आज इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा डबा असेल. त्यात चैत्य किंवा उज्जयिनी चिन्ह असलेले चांदीचे नाणे असेल, तर ते चिंचेने किंवा पावडरने घासू नका. खालचा थर आधीच उथळ असतो आणि घासल्याने तोच प्रथम जातो. वजन दशांश ग्रॅमपर्यंत घ्या, मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, आणि प्रकाश एका कुशीकडून, अगदी खालून येईल असे पाहा. समोरच्या प्रकाशात जे नाक दिसत नाही, ते तिरप्या प्रकाशात सावलीमुळे उठून येते. चैत्य सरळ धरल्यावर चेहरा किती अंशांनी फिरतो, तेही लिहून ठेवा. पुरेशा नाण्यांवरचा हा कोन नोंदवला गेला, तर ठसा मारणारा कारागीर जुना चेहरा पाहून नाणे ठेवत होता की हाताला येईल तसे ठेवत होता, हे आपल्याला ठरवता येईल. माझ्या नाण्याचा कोन नव्वद अंशांच्या जवळ आहे. व्याख्यान संपल्यावर ते नाणे आणि भिंग या मेजावर ठेवतो. ज्यांनी आपली नाणी बरोबर आणली असतील, त्यांनी ती घेऊन यावे, आपण कोन मोजायला इथूनच सुरुवात करू.