आधी हवेची वाट, मग मशीन

(लातूर येथे हौशी सुतारकाम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथं बसलेल्या बहुतेकांचं दुकान म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड, नाहीतर जिन्याखालची खोली. एक टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), एक सँडर (लाकूड घासायचं मशीन), जमलंच तर राऊटर (खाचा कोरायचं मशीन). आणि प्रश्न सगळ्यांचा एकच: डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून घेणारं मशीन, किती एचपीचा घेऊ? मी तुम्हाला वेगळंच विचारतो. त्या मशीननं ओढलेली हवा तुम्ही सोडणार कुठे?

खळ्यावरची उफणणी पाहिलेली माणसं इथं बरीच दिसतात. दाणा पायाशी पडतो, भूस चार हात पुढं पडतं, आणि सगळ्यात हलकं जे असतं ते कुठं गेलं हे अंगाला खाज सुटल्यावरच कळतं. करवतीखाली हेच चालतं. भुसा खाली पडतो, तो झाडून काढला की काम उरकल्यासारखं वाटतं. पण त्रास भुशाचा नाहीच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. 10 मायक्रॉनच्या आतला कण डोळ्याला सुटा दिसत नाही आणि लवकर खालीही बसत नाही. दोन-तीन मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला, हवा अगदी स्थिर असली तरी, तासन् तास घेतो. सँडर बंद करा, चहा घेऊन या आणि पत्र्याच्या भोकातून आलेल्या कवडशात बघा काय तरंगतंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 साली लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, टाकली. नाक आणि नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांचा कर्करोग. सागवान, शिसम यांच्या धुळीनं कातडीवर पुरळ येतं, दम लागतो, ते निराळंच. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीत, तर तो चिकटवणारं रेझिनही आलं.

आता हा पाईप बघा. चार इंची आहे, पलीकडे पंखा चालू आहे. उदबत्ती तोंडाशी धरली की धूर सरळ आत जातो. चार बोटं मागं घेतो, धूर नुसता वाकतो. आता वीतभर लांब: धुराला पाईपची दखलसुद्धा नाही. फुंकलेली हवा लांबवर जाते, ओढलेली जात नाही. तोंडापासून पाईपच्या व्यासाइतकं अंतर गेलं की ओढ जेमतेम एक दशांश उरते. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात मोठं मशीन ठेवून ते सगळी धूळ ओढून घेईल, हा भ्रम सोडा. टेबल सॉचं खालचं अंग प्लायनं बंद करा, पाईप तिथं जोडा, पात्यावर झाकण बसवा. या पेटीला दोनशे रुपयांचं प्लाय लागत असेल, पण तिच्यावाचून पुढचा खर्च वाया जातो.

यंत्रं दोन जातींची. व्हॅक्युम क्लीनरला ओढ जबर, पण हवा थोडी. सँडर आणि हातातल्या राऊटरच्या बारक्या तोंडाला तोच लागतो, आणि ज्यांचं काम बहुतेक घासकामाचं आहे त्यांनी सुरुवात त्याच्यापासूनच करावी. डस्ट कलेक्टरचं उलटं: ओढ कमी, हवा भरपूर. टेबल सॉला मिनिटाला निदान साडेतीनशे घनफूट हवा हवी, आणि चार इंची पाईपमधून साधारण तेवढीच जाते. भुसा पाईपमध्ये बसू नये म्हणून वेग मिनिटाला 4000 फुटांच्या आसपास लागतो, त्यावरून हा हिशोब निघतो. डब्यावर लिहिलेले मोठमोठे आकडे पाईप न जोडता मोजलेले असतात. वळ्यांचा लवचिक पाईप तर हवेला फारच अडवतो. तो शेवटच्या हातभर ठेवा, बाकी गुळगुळीत पीव्हीसी.

आता मूळ मुद्दा. आपण इंटरनेटवर व्हिडिओ बघतो ते थंड मुलखातले. तिकडं हिवाळ्यात तापवलेली हवा बाहेर फेकणं परवडत नाही, म्हणून ती गाळून परत खोलीत घेतात आणि एक मायक्रॉनच्या फिल्टरवर बक्कळ पैसा ओततात. आपल्याकडं शेड मे महिन्यात बेचाळीस अंशाला तापलेलं असतं. ती हवा जपून ठेवायची कशाला? बाहेर फेका! मध्ये सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा वेगळा करणारा शंकू, आणि त्याखाली ड्रम बसवा म्हणजे भुसा खाली पडेल. लातूरच्या डाळ मिलच्या छपरावर जो उलटा शंकू दिसतो, तोच हा. बारीक धूळ मात्र त्यातून निसटते, ती हवेबरोबर भिंतीबाहेर जाऊ द्या. स्वस्त कलेक्टरबरोबर येणारी जाड विणीची पिशवी खोलीत टांगली, तर तीच बारीक धूळ तुमच्या नाकासमोर परत येते. त्यापेक्षा मशीन नसलेलं बरं.

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे बाराशे घनफूट. साडेतीनशेच्या हिशोबानं साडेतीन मिनिटांत सगळी हवा बाहेर. तेवढीच आत यायला वाट हवी. दार लावून बसलात तर मशीन नुसतं घुरघुरेल. उन्हाळ्यात कूलर खिडकीत लावताच ना? तो एका बाजूनं, कलेक्टरचं तोंड समोरच्या बाजूनं. बाहेरचं तोंड शक्यतो पूर्वेला काढा, कारण पावसाळ्यात वारं पश्चिमेचं. आणि शेजारच्या गच्चीवर कुरडया-पापड्यांचं वाळवण असेल त्या दिवसांत घासकाम नको, नाहीतर धुळीपेक्षा शेजारीणबाई महागात पडतील. गल्लीतल्या दाटीवाटीच्या घरात हे जमणार नाही. तिथं फिल्टरला पर्याय नाही, आणि सोबत दोन पट्ट्यांचा एन-95 मास्क. तोंडाला गुंडाळलेलं उपरणं हे समाधान आहे, संरक्षण नव्हे.

एक धोका बोलून ठेवतो. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं की आपण खूश होतो, पण त्यात खिळे असतात. तुटका खिळा पंख्याच्या लोखंडी पात्यावर आपटला की ठिणगी भुशात जाते आणि रात्रभर धुमसते. आधी खिळे उपसा, आणि ड्रम रात्री शेडच्या बाहेर रिकामा करा. भुशाच्या शेगडीला बाभळीचा, कडुलिंबाचा भुसा चालेल. प्लाय आणि एमडीएफचा अजिबात नाही.

इन्व्हर्टरवर चालेल का, असं मागून कुणीतरी विचारलं. एक एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, घरच्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. सॉ आणि कलेक्टरही एकदम सुरू करू नका; आधी कलेक्टर, त्यानं वेग घेतला की सॉ. लाईट गेली तर हातरंधा काढा, त्याच्या ढलप्या झाडूनं गोळा होतात. घासकाम मात्र लाईट आल्यावरच.