घराआधीची जागा

मंडळी, इथं बसलेल्या निम्म्या लोकांची जागा औसा-निलंगा भागात आणि नोकरी पुण्याला. घर बांधायचं ते रिटायर झाल्यावर. तोवर ‘पडू द्या’ म्हणता. पण गावात जागा नुसती पडून राहत नसते. आधी शेजारी कडब्याची गंजी लावतो, मग उकिरडा होतो, मग दोन म्हशी येतात. त्यात कुणाचं पाप नसतं हो, मोकळं दिसलं की माणूस वापरतो. पण मालकासारखा उघड आणि सलग 12 वर्षं ताबा ठेवणारा खासगी जागेवर कोर्टात हक्क सांगू शकतो. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात तशी सोय आहे. म्हणून भूमी अभिलेखची मोजणी आणा, शेजाऱ्यांसमक्ष हद्दीचे दगड पुरा. गंजी लावू द्यायची तर खुशाल द्या, फक्त परवानगीचा कागद करून ठेवा. कागदांचं एवढं पुरे. मला बोलायचंय ते मातीबद्दल.

जुन्या लोकांनी गाव पांढरीवर वसवलं, काळी पिकाला ठेवली. आता गावठाणात जागा उरली नाही, प्लॉट पडतात ते काळ्या रानात. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भेगेत हात जातो. वरचं घर ती दर वर्षी थोडं उचलते, थोडं खाली सोडते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपण दगडमातीच्या जाड भिंतींना घाबरायला शिकलो, ते बरंच झालं. भिंतीखाली काय आहे, हे मात्र अजून कुणी विचारत नाही.

ते बघायला ही रिकामी वर्षं फार कामाची. ऑगस्टात मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जागेवर जा. पाणी कुठून शिरतं, कुठं तुंबतं, याचे फोटो काढा आणि वरच्या अंगाला चर मारा. उन्हाळ्यात एका कोपऱ्यात खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहा. पाया किती खोल न्यायचा, हा हिशोब इंजिनिअर तिथूनच धरतो. पाहून झालं की खड्डा बुजवा, पोरं-जनावरं पडतात.

प्लॉट घेतल्या घेतल्या पाडलेल्या घराचा मलबा आणून जागा उंच करायची, ही आपल्याकडची खोडच आहे. सैल भराव पुढं दबतो, आणि तुमचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं. भांडण फुकट!

गाजरगवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते. वेडी बाभूळ वरून छाटली तर दुप्पट फुटते. पाऊस पडून माती मऊ झाली की बुडखा खणूनच काढा. पेटवून देऊ नका, शेजारी कडबा आहे. झाडं हवीत तर हद्दीला लावा, पायाच्या जवळ नको. काळ्या मातीतलं पाणी मुळं ओढतात आणि माती आणखी आकसते.

मघाशी ताईंनी विचारलं, आधी बोअर की कुंपण? आधी कुंपण. साधं तारेचं चालेल, पण रस्त्याच्या बाजूला बारा फुटांचं फाटक ठेवा; उद्या विटा-वाळूचा ट्रॅक्टर तिथूनच आत यायचा आहे.