ओटीपोटाचं दुखणं आणि कॅलेंडरवरच्या खुणा

नमस्कार, श्रोतेहो. दसरा तोंडावर आलाय. तो झाला की बीड, धारूर, वडवणी, परळी भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतील. मग चार-पाच महिने दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा पडणार. म्हणून पाळीच्या आणि ओटीपोटाच्या दुखण्याबद्दल आजच बोलू. घरातल्या पुरुषांनीही बसून ऐकावं, कारण बाईला दवाखान्यात कधी न्यायचं हे बऱ्याच घरांत तेच ठरवतात.

दवाखान्यात गेल्यावर बाई सांगते, "खालून दुखतंय, पाळीचा नेम नाही." एवढ्यावरून कोणत्याही डॉक्टरला नेमकं कारण कळत नाही. मग घाईत सोनोग्राफी होते, "पिशवीला सूज आहे" असं कानावर पडतं, आणि तिशीतल्या बाईला गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळतो. हे टाळायचं तर आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे: भिंतीवरचं कॅलेंडर.

पाळी आली त्या तारखेला गोल करा. अंगावरून जाईल तितके दिवस रोज त्याच चौकोनात, जितक्या घड्या किंवा पॅड पूर्ण भिजले तितके ठिपके द्या. दुखलं तर खाली रेघा ओढा: काम करता आलं तर एक रेघ, काम सोडून बसावं लागलं तर दोन, उठताच आलं नाही तर तीन. लिहिता येत नसलं तरी हे जमतं. लघवीला जळजळ झाली, शौचाला त्रास झाला, संबंधाच्या वेळी दुखलं, ताप आला, तर फुली मारा आणि कशाची ते मुलीकडून लिहून घ्या. पाळी नसतानाच्या दुखण्याचीही नोंद हवी, ती बहुतेक जणी विसरतात. अशी तीन महिन्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवली की बोलणंच बदलतं.

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसरीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ३५ दिवस हे ठीकच. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं आणि चाळिशीनंतरचा काळ, यात नेम थोडा चुकतोच. पाळीच्या एक-दोन दिवस आधी दुखायला लागून पाळीत वाढत असेल आणि वर्षागणिक जास्त होत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो. त्यात पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो. साध्या सोनोग्राफीत तो पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं खोटं ठरत नाही. दोन पाळ्यांच्या मधोमध एका बाजूला दिवसभर दुखून थांबत असेल, तर ते बहुधा बीज सुटण्याचं. ताप आणि वास येणारं पांढरं जाणं सोबत असेल तर पिशवीचा किंवा नळ्यांचा जंतुसंसर्ग असू शकतो. त्यावर साधारण १४ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो. बरं वाटलं म्हणून पाचव्या दिवशी सोडला, किंवा नवऱ्याने उपचारच घेतले नाहीत, की दुखणं परत येतं.

पाळी दोन-दोन महिने येत नसेल तर पीसीओडी (म्हणजे अंडाशयातून बीज वेळेवर न सुटणं) किंवा थायरॉईड ग्रंथीचा बिघाड असू शकतो. पण पीसीओडीने सहसा ओटीपोट दुखत नाही. दुखत असेल तर दुसरं कारणही शोधायला सांगा. पाळीचा नेम बिघडण्याचं आणखी एक कारण आपल्याकडे फार दिसतं: नवरात्रात तुळजापूरला, अंबाजोगाईला जायचं म्हणून मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत अंगावरून जातं आणि पुढचा नेम काही काळ बिघडतो. दिवस राहू नयेत म्हणून घेतलेल्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनानेही मधूनमधून जातं. गर्भ पाडायच्या गोळ्या परस्पर घेतल्या असतील आणि नंतर अंगावरून जाणं थांबत नसेल, तर आत काही राहिलं असेल. डॉक्टरांपासून यातलं काहीही लपवू नका.

तपासणीची सुरुवात लघवीतल्या गर्भाच्या चाचणीने व्हावी. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं तरीसुद्धा. हे किट आशाताईंकडे मिळतं. पाळी चुकलेली, एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, घाम, असं असेल तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. तासाला एक पॅड याप्रमाणे दोन-तीन तास पॅड भिजत राहिले, किंवा दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडू लागल्या, तरी त्याच दिवशी दवाखाना.

रक्त तपासताना हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची चाचणी) मागून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात. त्या चहासोबत घेतल्या तर अंगी लागत नाहीत. चहा आणि गोळी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या.

सोनोग्राफीच्या कागदावर "बल्की युटरस" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की पिशवी जरा मोठी आहे, तो कॅन्सर नव्हे. दोन-तीन सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ पाळी चालू असलेल्या वयात नेहमी दिसते आणि पुष्कळदा आपोआप जाते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं तरी चालतं.

पाळीच्या दुखण्यासाठी मेफेनामिक ॲसिडची ५०० मिलिग्रॅमची गोळी जेवणानंतर, दिवसाला जास्तीत जास्त तीन, तीन दिवसांपर्यंत. दुखणं सुरू होताच घेतली तर काम करते, कळा असह्य झाल्यावर फारशी नाही. पोटात अल्सर, किडनीचा आजार किंवा दमा असेल, गर्भ असण्याची शक्यता असेल, तर ही घेऊ नका. फडात उन्हात, पाणी न पिता तर मुळीच नको, किडनीवर ताण येतो. संडासाची सोय नाही म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची, या सवयीनेही मूत्राशयात जंतू वाढतात आणि ओटीपोट दुखतं. पिशवी काढून हे दुखणं जात नाही.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. तेव्हापासून बीडमध्ये खासगी दवाखान्याला या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. पिशवीसोबत अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचं वय (रजोनिवृत्ती) त्याच दिवशी येतं, हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणून कुणी ऑपरेशन सांगितलं तर तीन प्रश्न विचारा: आजाराचं नाव काय? आधी कोणतं औषध देऊन पाहिलं? अंडाशय ठेवणार की काढणार? उत्तर पटलं नाही तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड-लातूरची सरकारी रुग्णालयं किंवा संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय इथे दुसरं मत घ्या.

सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी सहा महिन्यांहून जास्त दुखतंय, असंही होतं. सतत दुखून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले राहतात, नसा हळव्या होतात. त्यावर उपचार आहेत. उताणं झोपून गुडघे उभे करा, पोट फुगेल असा श्वास चार मोजेपर्यंत आत घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा, सोडताना खालचं अंग सैल ठेवा. दोन वेळा, पाच-पाच मिनिटं. रबरी पिशवीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं शेक. महिना-दीड महिन्यात रेघा कमी झाल्या नाहीत तर नसांसाठीच्या गोळ्या डॉक्टर देतात. "मनाचे खेळ आहेत" असं त्या बाईला कुणीही म्हणू नये.

निघताना कॅलेंडरची ती पानं, केसपेपर, सोनोग्राफीचा कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत सगळ्यात वर ठेवा. फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, पोचलात की पेनही तिथेच टांगून ठेवा.