ग्लू गन राहू द्या, सुई घ्या

नमस्कार ताई-मावश्यांनो, आणि दादा-काकांनो तुम्हीसुद्धा, लगेच स्टेशन बदलू नका. विषय सुई-दोऱ्याचा आहे म्हणजे तो फक्त बायकांचा असं काही नसतं हो, आपल्याकडे कपडे शिवणारे शिंपी आणि मंगळसूत्रं गाठवून देणारे पटवेकरी हे पुरुषच की बहुतेक.

तर आज बोलायचंय फेल्ट आणि मण्यांबद्दल. नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय, मग गणपती, मग दिवाळी, आणि जानेवारीत हळदीकुंकवाचं वाण, म्हणजे द्यायच्या-घ्यायच्या वस्तूंचा सीझनच सुरू झालाय म्हणा ना. आणि मोबाईलवर तुम्ही बघतच असाल, एका मिनिटात फेल्टचं फूल, एका मिनिटात ससा, ग्लू गनमधून गरम डिंकाचा थेंब टाकला, मणी दाबला, झालं, खाली शंभर लोकांचं ‘सो क्यूट’. दिसतं छान, नाही म्हणत नाही मी. पण तेच फूल उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत तासभर राहिलं की डिंक मऊ पडतो, क्लिपचा पत्रा गुळगुळीत, त्यावरून अख्खं फूल सुटून येतं, आणि पोरगी शाळेतून हातात नुसती क्लिप घेऊन घरी येते. शिवलेलं फूल असं सुटत नाही, आणि समजा एखादा टाका निघालाच तर परत घालता येतो. म्हणून माझा आग्रह आहे की ग्लू गन राहू द्या बाजूला, सुई घ्या. आणि ‘मला शिवण येत नाही’ हे कारण फेल्टपुढे चालत नाही, का ते सांगते.

आपलं साधं कापड विणलेलं असतं ना, उभे आडवे धागे, म्हणून कापलं की कडेचे दोरे सुटायला लागतात, आणि ते सुटू नयेत म्हणून दुमड, हेम, इंटरलॉक हे सगळं आलं. फेल्ट विणलेलंच नसतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ओलावा, ऊब आणि दाब मिळाला की ते खवले एकमेकांत अडकत जातात आणि त्याचा एक घट्ट थर होतो, बस, मागाचा संबंधच नाही. काश्मीरचा नमदा, तो लोकरीचा गालिचा, माहितीये ना, किंवा राजस्थानात टोंकचा, तो हेच, लोकर पसरून, पाणी मारून, गुंडाळून, दाबून दाबून केलेला. धागेच नाहीत तर सुटणार काय? कुठेही, कसंही, गोल तिरकं कापा, कड तशीच राहते. ज्याला सरळ शिवता येत नाही त्याच्यासाठीच जणू केलेलं कापड आहे हे.

आता आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात ए-फोर आकाराची जी रंगीत फेल्ट शीट मिळतात ती बहुतेक पॉलिस्टरची असतात, लोकरीची नव्हे. त्यात लोकर नसल्यामुळे ते खवल्यांचं काम होत नाही, काटेरी सुया वर-खाली मारून तंतू एकमेकांत गुंतवतात. चालतं तेही, स्वस्तही पडतं. फक्त त्यावर कडक इस्त्री फिरवू नका, वितळेल. कुठलं फेल्ट आहे कळत नसेल तर एक बारीक चिंधी चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या, लोकरीची असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख हाताने चुरगळते, पॉलिस्टर असेल तर आक्रसून टोकाला टणक गाठ होते. हे सिंकपाशी करा आणि मोठ्यांनी करा. आणि दुकानात एक गोष्ट नीट सांगा, फेल्ट मागितलं की बऱ्याचदा फोम शीट हातात ठेवतात, ती रबरासारखी दबते ती, त्यात सुई घातली की भोकं पडतात आणि टाका फाडून बाहेर येतो. ती नको. शीट दोन बोटांत धरून ताणून बघा, लगेच पातळ पडून पलीकडचं दिसायला लागलं तर तेही नको. एक मिलिमीटर जाडीचं, जरा घट्ट, असं बघून घ्या.

मण्यांकडे येते आता, आणि इथे मी जरा रमणार आहे, आधीच सांगते. आपल्या घरांत मणीकाम काही नवं नाही. रुखवतात आठवतंय का, मण्यांची पर्स, मण्यांचा ससा, तंगुसात ओवलेली द्राक्षं, दारावर काचनळ्यांचं तोरण, त्यावर ‘सुस्वागतम्’. पुढे ते सगळं शोकेसमध्ये धूळ खात बसलं हा भाग वेगळा. गुजरातेत सौराष्ट्राकडे मोतीभरत म्हणतात, तिथली तोरणं, चाकळे म्हणजे भिंतीवर लावायचे चौकोनी तुकडे बघितले तर डोळे फिरतात, पांढऱ्या मण्यांच्या पार्श्वभूमीवर हत्ती, मोर, नुसतं मण्याला मणी जोडत नेलेलं. आणि काचेचे मणी करणारी गावंसुद्धा आपल्या देशात आहेत, उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यात पुरदिलनगर, आंध्रात तिरुपतीजवळ पापनायडूपेट. या पापनायडूपेटला वितळलेल्या काचेची लांबच लांब पोकळ नळी ओढतात आणि मग तिचे बारीक तुकडे करतात, म्हणजे भोक पाडायची भानगडच नाही, भोक नळीतच आलेलं असतं.

बारीक मण्यांना नंबर असतो आणि तो उलटा चालतो, नंबर वाढला की मणी लहान. 11 नंबरचा साधारण 2 मिलिमीटरचा, 8 नंबरचा 3 चा, 6 नंबरचा 4 चा. नवशिक्यांनी 8 पासून सुरू करावं, 11 नंबर घेतलात तर साधी सुई आत जात नाही, त्याला मण्यांची बारीक सुई लागते. दुसरं म्हणजे स्वस्तातल्या मण्यांना वरून रंग मारलेला असतो, घामाने, अत्तराने तो जातो आणि पांढऱ्या फेल्टवर डाग पडतात. घरी आणल्यावर चार मणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा, थोडं नेलपेंट रिमूव्हर लावूनही बघा, रंग सुटला तर ते रांगोळीच्या सजावटीला ठेवून द्या. आणि कटदाणा, तो लांबट नळीचा, चमकतो छान पण त्याची टोकं धारदार असतात, दोरा कापला जातो, म्हणून कटदाण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल मणी घालायचा म्हणजे दोरा धारेवर घासत नाही.

आता एक वस्तू करूया. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा मी सांगते तसं कागदावर काढत चला. पांढऱ्या चाफ्याची केसांची क्लिप. गुलाब सगळेच करतात, आणि फेल्टचा गुलाब मला तरी कोबीसारखाच दिसतो, राग मानू नका. चाफ्याची पाकळी जाड, मांसल असते, ती फेल्टमध्ये अगदी तशीच्या तशी उतरते.

पातळ कागदावर एक पाकळी काढा, 4 सेंटिमीटर उंच, 2 ते अडीच रुंद, खाली निमुळती, वर गोल, पण गोलाई एका अंगाला किंचित झुकलेली. आता कागद फेल्टवर ठेवून पेनाने गिरवू नका, शाई उमटून राहते. कागद सेलोटेपने फेल्टवर चिकटवा आणि टेपसकट कापा, मग टेप ओढून काढा, कड स्वच्छ येते. कापताना कात्री फिरवायची नाही, कात्री एका जागी आणि फेल्ट फिरवायचं. अशा पाच पाकळ्या.

आधी मणी, मग जोडणी, कारण पाकळी सपाट असताना मणी लावणं सोपं जातं आणि गाठी मागे लपतात. इथे एक गंमत बघा, बहुतेक जण कुठल्याही फुलाच्या मधोमध एक मोठा मोती ठोकून मोकळे होतात. चाफ्याला तसं नाही. झाडाखालून एक फूल उचलून बघा, मधे केसर वगैरे वर आलेले दिसतच नाहीत, नुसता पिवळा रंग आतून बाहेर येतो आणि येता येता फिका होत पांढऱ्यात विरतो. तर आपणही तेच करायचं, पाकळीच्या तळाशी गडद पिवळे मणी दाट लावायचे, वर जाताना लिंबू रंगाचे, विरळ, आणि अर्ध्या पाकळीपर्यंत पोचायच्या आत थांबायचं. प्रत्येक मण्यातून दोरा दोनदा घ्या, आणि तीन-चार मण्यांनंतर मागे एक गाठ, म्हणजे कधी दोरा तुटलाच तर तेवढेच मणी जातील, सगळी पाकळी रिकामी होणार नाही. दोरा पांढरा, नायलॉनचा किंवा पक्क्या सुताचा, आणि त्यावरून एकदा मेणबत्ती फिरवून घ्या, गुंता कमी होतो.

मग पाकळीच्या तळाला बारीक चुणी घाला, म्हणजे पाकळीला खोलगटपणा येतो, त्या चुणीतून टाका घ्या, तोच दोरा दुसऱ्या पाकळीत, दुसरी पहिलीवर जराशी चढवून, मग तिसरी दुसरीवर, अशी पाचवीपर्यंत, आणि पाचवी परत पहिलीच्या खाली सरकवायची. दोरा हळूहळू ओढा. पाकळ्या जवळ येतात, मधलं भोक मिटतं, आणि चाफ्याचा तो भिंगरीसारखा पीळ आपोआप पडतो. मागे दोन-तीन टाके पक्के घाला.

क्लिपसाठी अडीच सेंटिमीटरची फेल्टची चकती कापा, तिला मधे एक चीर द्या, टिकटिक क्लिपची वरची पट्टी त्या चिरेतून सरकवा आणि चकती फुलाच्या मागे कडेने शिवून टाका. टाका काजाचा. कडेपासून 3 मिलिमीटर आत सुई टोचायची, टोक कडेबाहेर काढताना दोरा सुईच्या खालून जाऊ द्यायचा आणि ओढायचं, कडेवर दोऱ्याची एक रेघ बसते, पुढचा टाका पुन्हा तेवढ्याच अंतरावर. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्या, सहाच्या सहा घेतलेत तर गोधडी दिसेल. क्लिप आता दोन थरांत अडकलेली आहे, ती निघून कुठे जाणार?

राखीलाही हीच रीत. 4 सेंटिमीटरच्या दोन चकत्या, वरच्या चकतीवर मणीकाम, दोन्हींच्या मधे साटीन रिबन घालून कडेने काजाचा टाका. पाकिटात सपाट बसते, त्यामुळे लांबच्या भावाला पाठवायला बरी, पोस्टात राखीसाठी वॉटरप्रूफ पाकीटही मिळतं. आणि जरीच्या राख्या मनगटाला टोचतात म्हणून संध्याकाळीच सोडून ठेवणारे भाऊ असतात ना, ते ही दोन-चार दिवस तरी घालतील.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. तीन वर्षांखालच्या बाळाच्या वस्तूला मणी लावायचा नाही. बोरनहाणाला हलव्याच्या दागिन्यांऐवजी हल्ली फेल्टचा मुकुट, फेल्टचा हार करतात, त्यावर पांढरे मणी हलव्यासारखे लावतात, फोटो सुंदर येतात, पण बाळ पहिली गोष्ट काय करतं तर हार तोंडात घालतं. मणी सुटला तर थेट घशात. तिथे मण्याऐवजी पांढऱ्या दोऱ्याचा गाठीचा टाका घाला, फ्रेंच नॉट म्हणतात तो, सुईला दोऱ्याचे दोन वेढे देऊन शेजारीच सुई खाली घालायची. अगदी हलव्याच्या काट्यासारखा दिसतो. सशाचे, मांजराचे डोळेही लहानांसाठी असेच करायचे. आणि हार गळ्यात फोटोपुरताच, नजरेसमोर, मग लगेच काढून ठेवायचा.

किमतीचं पण बोलते, कारण हे करायला लागलात की शेजारणी ऑर्डर देतात. आणि मग ‘एवढंसं तर आहे, रस्त्यावर वीस रुपयांना मिळतं की’. मिळतं, खरंय. तिथे डिंक लावलेलं मिळतं. शिवलेल्या क्लिपला दुपार जाते, तिचे पैसे मागायला लाजू नका, आणि लाज वाटत असेल तर विकूच नका, भेट द्या. अर्ध्या किमतीत देऊन वर मनात कुढत बसणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

सामान कुठे मिळेल? पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर नाहीतर क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूची अब्दुल रहमान स्ट्रीट. लहान गावात कटलरीच्या दुकानात मणी, पिना, रिबन असतं आणि शीट स्टेशनरीवाल्याकडे. घ्या लिहून: पांढऱ्या फेल्टची एक शीट, 8 नंबरचे पिवळे मणी दोन छटांत, पंचवीस-पंचवीस ग्रॅम पुष्कळ झाले, टिकटिक क्लिपांची एक पट्टी, पांढरा दोरा, एक भरतकामाची लडी, मण्यात जाईल अशी सुई, आणि कात्री नवी किंवा धार लावलेली, कागद कापायची घरातली बोथट कात्री फेल्टला लावली तर कड चावल्यासारखी येते. आज एवढंच, नमस्कार.