माथ्यावरचं रान

(दृश्य: गोव्यातल्या म्हापशाचा बाजार. सकाळ. पाऊस नुकताच उघडलाय.)

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दोन दिवसांवर आलीय. रस्त्याकडेला बायांनी गोणपाटं अंथरलीत आणि त्यांवर एरवीच्या बाजारात न दिसणारा माल मांडलाय. लालभडक कवंडळं, रानवेलीची फळं. पांढऱ्या पानांची शेरवडं. सुपारीचे हिरवेगार घोस. वाळल्या की वाजणाऱ्या शेंगा, ज्यांना देशावर खुळखुळा म्हणतात आणि इथे घागऱ्यो. हा माटोळीचा बाजार.

कोकणीत मांडवाला माटव म्हणतात. गणपतीच्या माथ्यावर बांधलेला छोटा माटव, ती माटोळी. सिंधुदुर्गात हीच माटवी. लाकडाच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांची, चौकोन पाडलेली एक चौकट छताला आडवी टांगायची आणि तिच्यातून रान खाली सोडायचं.

लग्नाचे, समारंभाचे मांडव सजवणाऱ्या प्रत्येकानं एकदा या चौकटीखाली उभं राहून मान वर करावी, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: घरातली लगबग. एक जण स्टुलावर, दुसरा खालून नारळ देतोय.)

आधी चढतं ते जड. नारळांची पेंड, म्हणजे घोस, आणि केळ्यांचा घड. पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथेच त्यांची जागा. मधल्या मोकळ्या पट्टीला नारळ बांधला तर ती वाकते. मग तोरंजन, म्हणजे पपनस, चिबूड, काकड्या. हलकं सगळं शेवटी: आंब्याचे टाळ, कांगलां (मालकांगोणीचे घोस), माट्टीची फळं. जुन्या पद्धतीनं बांधणाऱ्यांचा दोरही रानातलाच असतो, केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या सालीचा.

(दृश्य: माट्टीचं फळ, अगदी जवळून.)

माट्टी म्हणजे आपला ऐन. गोव्याचा राज्यवृक्ष. याच्या फळाला पाच पंख असतात, वाऱ्यावर दूर जाता यावं म्हणून. फळ हातात फिरवून बघा. कागद दुमडून कंदील करायला बसलेल्या माणसाला यापुढे आणखी काय दाखवायचं?

आणि ही शेरवड. फूल इवलंसं, नारंगी. आपण ज्याला पांढरं पान म्हणतो, ते फुलाखालचं एक निदल आहे, मोठं आणि पांढरं झालेलं. फुलपाखरांना लांबून दिसतं ते. हिरव्या गर्दीत नजर कुठे थांबवायची, याचं इतकं नेमकं उत्तर मला सजावटीच्या कुठल्याही कॅटलॉगात मिळालेलं नाही.

2018 साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली. मखरं कागदाची, कापडाची, बांबूची होऊ लागली. चांगलंच झालं. पण पुष्कळ ठिकाणी बदललं ते फक्त साहित्य. महाल तोच राहिला, खांबही तेच. माटोळी उलट्या वाटेनं जाते. यंदा परसात काय लागलंय, रानात काय पिकलंय, ते आधी. आकार त्यातून येतो. म्हणून शेजारशेजारच्या दोन घरांतल्या माटोळ्याही सारख्या नसतात.

शिवाय ती चवथीच्या दिवशी पुरी होत नाही. घड चढतो तेव्हा हिरवा असतो. पाच दिवसांच्या गणपतीत तो डोळ्यांदेखत पिवळा होत जातो आणि आरतीला उभं राहिलं की पिकत्या केळ्यांचा वास येतो. सजावटीला वास असतो हे आपल्या हॉलमध्ये आपण विसरूनच गेलोय.

गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं. फळाबियांतून मोर घडतात, वाद्यं घडतात. ते कसब बघून हात जोडावेसे वाटतात. काळजी एवढीच की जिन्नसांची संख्या वाढवण्याच्या नादात दुर्मीळ वेली ओरबाडल्या जाऊ नयेत. कळलावीचं फूल खुडलं तर वेल पुन्हा येते. कंद उपटला तर तिथे पुढच्या पावसात काही उगवत नाही.

डिसेंबरातल्या लग्नाला कवंडळं मिळायची नाहीत. तेव्हा भाताच्या लोंब्या असतात. मार्चमध्ये सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, येतात. मांडवाची तारीख कळली की मी आता रंग ठरवत नाही, आधी बाजारात चक्कर मारते.

(दृश्य: विसर्जनानंतरचं घर.)

केळी, चिबूड, नारळ वाटून झाले. चौकट खाली उतरवलीय. एक आजी ओल्या फडक्यानं तिचा एकेक चौकोन पुसतायत. एका पट्टीला केवणीच्या दोराची गाठ तशीच राहिलीय. ती त्या सोडत नाहीत.