बत्तीस हजारांतला एक डाव

नमस्कार मंडळी. ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, बोलायला कुणी उभं राहिलं की निम्मा हॉल मनात म्हणतो, हे सर्व्हरवाल्यांचं काम, आपलं काय? आज समोर कॉलेजची मुलं आहेत, ऐरोलीतल्या कंपन्यांत माझ्यासारखी नोकरी करणारी मंडळी आहेत, आणि फोनवर सुडोकू सोडवता सोडवता इथवर आलेले काही ज्येष्ठही आहेत. पत्रिकेवर विषय छापलाय 'पॅकेज निवडताना काय पाहावं'. पॅकेज म्हणजे दुसऱ्याने तयार करून ठेवलेला, आपण उतरवून वापरायचा प्रोग्राम किंवा कोड. त्यावर बोलणार आहेच. पण माझा खरा मुद्दा आधी सांगून टाकते: टाइमपास म्हणून खेळणारा माणूस ओपन सोर्सच्या कामात प्रोग्रामरच्या बरोबरीचा भागीदार आहे, आणि आपण प्रोग्रामर त्याला तसं वागवत नाही. हे मला कुठे लख्ख कळलं, ते सांगते.

माझी आई नौपाड्यात राहते. पेशन्स, म्हणजे एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव, हा तिचा जुना खेळ. दुपारचं आवरलं की पलंगावर पत्ते मांडायची. रमीसुद्धा तिला आवडते, पण रमीला सोबत लागते आणि तिच्या मैत्रिणी एकदम मोकळ्या कधी नसायच्या. पुढे गुडघे दुखायला लागले, मांडी घालून बसवेना, तेव्हा कुणीतरी तिच्या फोनवर एक फुकटचं ॲप घालून दिलं. नाव घेत नाही. पहिले काही महिने बरे गेले. मग प्रत्येक डावानंतर जाहिरात येऊ लागली. मग डाव चालू असतानाच. जाहिरात बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीही आज उजवीकडे तर उद्या डावीकडे. सत्तरी ओलांडलेल्या बाईचं बोट तिथे नेमकं कसं पडणार? एक दिवस कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा फोन आला, 'तुम्ही चौकशी केली होती.' जिने आयुष्यात भाजीवाल्याकडेही उधारी ठेवली नाही, तिला हे! पुढे चाल मागे घ्यायला 'नाणी' लागू लागली, आणि नाणी हवीत तर आणखी जाहिराती बघा. मला याचा आजही राग येतो. म्हाताऱ्या माणसाची दुपार तुम्ही तीस-तीस सेकंदांनी विकताय, आणि त्याला म्हणताय 'फुकट'.

माझ्या भाच्याने, इंजिनिअरिंगला आहे तो, घरातला जुना लॅपटॉप काढला, त्यावर डेबियन ही फुकट, खुली ऑपरेटिंग सिस्टीम चढवली आणि टर्मिनल उघडून एक ओळ लिहिली: ॲप्ट इन्स्टॉल पायसोलएफसी. झालं. खाली आलेला हा खेळ पायथॉनमध्ये लिहिलेला आहे आणि त्यात एक हजाराहून जास्त प्रकारचे पेशन्स आहेत. पत्ते मोठे दिसणारे निवडता येतात, पाठीमागचा रंग बदलता येतो, चाल हवी तितक्या वेळा मागे घेता येते. नाणी नाहीत, जाहिरात नाही, नेट लागत नाही.

आणि ऐका, त्यात गंजिफा, हा आपला जुना गोल पत्त्यांचा खेळ, तोसुद्धा आहे! मुघल गंजिफा आणि दशावतारी गंजिफा, दोन्हीवर रचलेले पेशन्स. दशावतारी म्हणजे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० पानांचा जोड. आपल्या सावंतवाडीच्या राजवाड्यात हे गोल पत्ते अजून हाताने रंगवतात. इथे कोकणातले किती जण आहेत? बघा, निम्मे हात वर. यातल्या किती जणांनी गंजिफा खेळलाय? एकही हात नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुणीतरी, पैसे न घेता, तो खेळ प्रोग्रामात बसवून ठेवलाय, आणि तो तुमच्या लॅपटॉपपासून एका ओळीवर आहे. आजच्या संध्याकाळी एवढं जरी घरी नेलंत तरी मला आनंद आहे.

तर आई फ्रीसेल या पेशन्सच्या प्रकारावर स्थिरावली. फ्रीसेलमध्ये सगळी पानं उघडी असतात, नशिबाचा भाग नाही, त्यामुळे हरलं की तिला स्वतःचा राग येतो. भाच्याने एकदा तिला डावाचा नंबर घालून दिला, ११९८२, आणि काही न बोलता निघून गेला. आई त्या डावाला चिकटून बसली. सकाळी एकदा, दुपारी पुन्हा, कागदावर चाली लिहून. मी गेले की म्हणायची, 'चहा तूच टाक, मला वेळ नाही.' शेवटी एका रविवारी तिने चष्मा काढला आणि सांगितलं, 'हा डाव लागायचाच नाही. ह्या मांडणीतच खोट आहे.' भाचा उठून नाचायला लागला. 'आजी, बरोबर! लागतच नाही तो!'

याच्यामागे मोठा इतिहास आहे. विंडोजवरच्या फ्रीसेलमध्ये नंबर दिलेले ३२,००० डाव होते. त्याच्या मदतपानात लिहिलं होतं की प्रत्येक डाव जिंकता येतो असं मानलं जातं, पण ते सिद्ध झालेलं नाही. हे वाचून डेव्ह रिंग नावाच्या माणसाने १९९४ मध्ये इंटरनेटवर हौशी खेळाडू गोळा केले आणि शंभर-शंभर डावांचे गठ्ठे त्यांच्यात वाटले. एकाला न सुटलेला डाव दुसऱ्याकडे, त्याला नाही सुटला तर तिसऱ्याकडे. १९९५ मध्ये काम पुरं झालं तेव्हा कुणालाच न सुटलेला एकच डाव उरला होता: ११९८२. ही माणसं जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळणारी होती, आणि त्यांनी केलेलं काम सरळसरळ संशोधन होतं.

नंतर श्लोमी फिश या प्रोग्रामरने २००० मध्ये 'फ्रीसेल सॉल्व्हर', म्हणजे फ्रीसेलचे डाव सोडवून देणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. आता लक्ष द्या, मुद्दा इथे आहे. फ्रीसेल सॉल्व्हर ही प्रोग्रामरने वापरायची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. सी भाषेत लिहिलेली, आपल्या प्रोग्रामात जोडून घेता येणारी. हेच गृहस्थ पायसोलएफसीही सांभाळत होते, आणि ही लायब्ररी असली की खेळातच डाव सोडवून मागता येतो. म्हणजे आईचा विरंगुळा आणि भाच्याच्या अल्गोरिदमचा पाठ एकाच ठिकाणाहून आले. आई म्हणाली 'खोट आहे', भाच्याने सॉल्व्हर चालवला, त्यानेही सगळ्या वाटा धुंडाळून तेच सांगितलं. आणि ते कशावरून म्हणतो, हे सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडून कुणालाही तपासता येतं. जाहिरातवाल्या ॲपला तुम्ही हा प्रश्न विचारून बघा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. पॅकेज निवडण्याचा भाग आता भरभर घेते, लिहून घ्या.

पहिलं, परवाना वाचा. पायसोलएफसी जीपीएलखाली आहे: बदलून वाटलंत तर तुमचा सोर्सही द्यावा लागतो. फ्रीसेल सॉल्व्हर एमआयटी परवान्याखाली: मूळ सूचना ठेवा, बाकी बंद प्रॉडक्टमध्येही वापरा. कंपनीत काम करणाऱ्यांनी हा फरक पहिल्या दिवशी बघायचा, रिलीजच्या आदल्या रात्री नाही.

मग, ते पॅकेज स्वतः कशावर उभं आहे ते बघा. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. ११ ओळींचा कोड, मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारा. त्यावर अवलंबून असलेले जगभरचे प्रोग्राम तयारच होईनात. अकरा ओळी स्वतः लिहिता येत असतील तर लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांभाळणारी माणसं. एक्सझेड ही फाइल लहान करणारी लायब्ररी वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 'मदत करतो' म्हणत कुणीतरी टोपणनावाने शिरलं, दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये तिच्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने तो पकडला. कसा? त्यांच्या डेबियनवर एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या संगणकात दुरून शिरायला, नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं आणि ते मुळापर्यंत गेले. अर्धा सेकंद! आता मला सांगा, अर्ध्या सेकंदाची अडखळ जगात सगळ्यात आधी कुणाला जाणवते? खेळणाऱ्याला. 'काल पान पटकन उचललं जायचं, आज अडकतंय' हे आई मला सांगते तेव्हा तो बग रिपोर्टच असतो, फक्त योग्य जागी पोचत नाही. तो पोचवणं आपलं काम. आवृत्ती कुठली, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं लिहून द्या. डेबियनवर त्यासाठी रिपोर्टबग नावाचं पॅकेजच आहे.

शेवटचं, मुलांसाठी. खेळ तयार करायचं गोडो हे इंजिन एमआयटी परवान्याखाली आहे. त्याच्या तिसऱ्या पिढीपर्यंत मराठी जोडाक्षरं फुटायची. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत अक्षरं जुळवायला हार्फबझ ही लायब्ररी जोडली गेली, तीच जी अँड्रॉइड आणि फायरफॉक्समध्ये आहे, आणि आता 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍य' नीट उमटतात. अक्षरांसाठी 'एक टाइप' या संस्थेचा 'बलू' किंवा 'मुक्त' फॉन्ट घ्या, दोन्ही खुल्या परवान्याखाली मिळतात. गंजिफाचे नियम माहीत असलेले आजी-आजोबा तुमच्या घरात असतील तर सुट्टीत त्यांच्याकडून लिहून घ्या आणि त्यावर एक खेळ करा. गोडो चालू ठेवून लॅपटॉप मागच्या टेबलावर ठेवलाय, ज्यांना बघायचंय त्यांनी थांबा. आता प्रश्न घेऊ या, अध्यक्षांची परवानगी असेल तर आधी त्या मागच्या काकूंचा, त्यांनी मघापासून हात वर धरलाय.